परत गेलेलं ताट

हर्णै आणि बाणकोट यांच्या मधल्या किनाऱ्यावरच्या एका गावात, गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी, आरती आटोपल्यावर एक झाकलेलं ताट शेजारच्या दारात गेलं. ताटात पाच उकडीचे मोदक होते. ताट घेऊन आलेल्या बारा वर्षांच्या मुलाने सांगितलं, "आयेनं दिलाय, गणपतीचा परसाद हाय." दारातल्या बाईंनी हात जोडले. तेव्हा येत असलेल्या तोडक्या मराठीत त्या म्हणाल्या, "मी घेऊ शकत नाही. आईला सांग, रागावू नको." मुलगा थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि भरलेलं ताट घेऊन परत गेला.

आमच्याकडे शेजारचं ताट रिकामं परत करत नाहीत. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालतो. भरलेलं ताट तसंच परत जाणं मी तोवर फक्त सुतकात पाहिलं होतं.

या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्या बाई स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरी परिचारिका होत्या आणि मी त्यांना मराठी शिकवत होते. अख्खं गाव त्यांना 'सिस्टर' म्हणायचं, तेव्हा इथेही तेच नाव ठेवते. हे प्रकरण लिहायला त्यांची परवानगी आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाहेरून सेवेला येणारे लोक हाच प्रश्न अजून विचारतात: शेजारचा प्रसाद घ्यावा की नाही? मीही त्यात गुंतलेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सिस्टरांचा दिवस

सिस्टर स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातल्या. आजोबांची स्वतःची होडी होती. समुद्रात हेरिंग माशाचे थवेच्या थवे आलेले दिसत असले, तरी रविवारी त्यांनी होडी पाण्यात लोटली नाही. घरात पैशाची ओढ असे आणि आजी काही बोलत नसे. हे सिस्टरांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. माणूस कोणाचा आहे हे तो कशाला नाही म्हणतो त्यावरून कळतं, ही गोष्ट त्या घरातून घेऊन आल्या होत्या. त्यांना हट्टी म्हणण्याआधी ती होडी आठवावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या पहाटे पाचला उठत. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 साली आपल्या मंडळीसाठी बायबल वाचनाचा एक तक्ता केला होता. त्यात रोज साधारण चार अध्याय वाचायचे असतात. वर्षभरात जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. सिस्टर त्या तक्त्याप्रमाणे वाचत, मग प्रार्थना करत. त्यानंतर मेतकूट घालून तांदळाची पेज. त्यांच्या गावी ओटची पेज खातात, त्यामुळे आमच्याकडचं एवढं एकच अन्न त्यांना पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं. आठ वाजता दवाखाना उघडे. गरोदर बायांची तपासणी, लहान मुलांचे जुलाब, कोळ्यांच्या हाताला लागलेले गळ, मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमा, हे काम दुपारपर्यंत चाले. संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे मराठी. रविवारी आमच्या लहानशा देवळात उपासना. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.

बाहेरून हे सगळं शिस्तीचं दिसायचं. पण पहिल्या पावसाळ्यात त्यांचं मन फार खचलं होतं. घरून येणारं पत्र दोन-दोन आठवडे घेई. भिंती घामेजत. बायबलच्या कातडी वेष्टनावर हिरवी बुरशी चढे, ती त्या दर शनिवारी पुसत. एकदा म्हणाल्या, "बाई, मी इथे मराठीत काम करते आणि इंग्रजीत प्रार्थना करते. माझा देव अजून दारातच उभा आहे, घरात आलेला नाही." मराठीत त्यांना फक्त प्रभूची प्रार्थना येत होती, तीही पाठ केलेली.

या एकटेपणात त्यांना माणूस मिळालं होतं ते म्हणजे शेजारच्या काकू. काकूंच्या घरची बोट होती. बंदरावर लिलाव झाला की सिस्टरांसाठी दोन बांगडे बाजूला निघत. काकूंची सासू पडवीतल्या खाटेवर होती, तिच्या पायाची जखम सिस्टर रोज बांधत. काकू त्यांना 'बाय' म्हणत. आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं.

ताट परत गेल्यावर

भांडण झालं नाही. काकू कुंपणावरून हाक मारेनाशा झाल्या. बांगडे यायचे थांबले. सासूच्या पायाची पट्टी बांधायला सिस्टर गेल्या तर दार उघडं असे, पाणी ठेवलेलं असे, काकू मात्र मागच्या पडवीत असत. त्या पंधरवड्यात पाखाडीतल्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या, दोन गरोदर बाया तपासणीला आल्या नाहीत. गौरी-गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, म्हणूनही आल्या नसतील. पण सिस्टरांनी ते आपल्या हिशेबात मांडलं.

त्यांच्या प्रार्थनेवरही याचा परिणाम झाला. त्यांनी बरोबर केलं होतं असं त्यांना वाटत होतं, आणि बरोबर केल्यावर जी शांती मिळते ती मात्र मिळत नव्हती. पहाटेचं वाचन चालू होतं. "मी अध्याय मोजते आणि पुस्तक मिटते," असं त्या म्हणाल्या.

ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला

पहिला सल्ला माझा. मी जन्माने ख्रिस्ती, याच पाखाडीत वाढलेली. माझ्या शेजारणीकडूनही दर चतुर्थीला ताट येतं. मी सिस्टरांना सांगितलं, "घ्यायचं, हसून घ्यायचं आणि मागच्या दाराने गाईला घालायचं. माझ्या आईनेही तेच केलं, मी वीस वर्षं तेच करतेय. कोणाचं मन मोडत नाही आणि आपलंही निभतं." सिस्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या काकू म्हणाल्या, गोड झाले होते का, तर मी काय सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तो प्रश्न मला वीस वर्षं विचारला जात होता, आणि मी वीस वर्षं म्हणत होते, "फार सुंदर झाले होते."

दुसरा सल्ला आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्क वडिलांचा. मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो. ते म्हणाले, घ्यायचंच नाही, विषय संपला. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने विहीर बंद केली होती. दोन वर्षं आजी ओढ्यावरून पाणी आणत होती. त्या घरात प्रसाद न घेणं ही विश्वासाची मोजलेली किंमत होती. शिवाय त्यांनी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. मंडळीत दोन कुटुंबं नुकतीच आली होती. त्यांच्या नातेवाइकांचं रोजचं दडपण होतं. सिस्टरांनी मोदक खाल्ला असता तर दुसऱ्या दिवशी त्या घरांतल्या पोरींना ऐकावं लागलं असतं, "तुमची सिस्टर खाते, मग तुम्हांलाच काय झालं?" तेव्हा मला हा म्हातारा कठोर वाटला होता. आज वाटतं, त्या सगळ्या चर्चेत सर्वांत दुबळ्या माणसाचा विचार त्यांनी एकट्यानेच केला होता.

तिसरा सल्ला परदेशातून, त्यांना पाठवणाऱ्या मिशनच्या एका वरिष्ठांकडून पत्राने आला. मूर्ती काहीच नाही, अन्न देवाचं आहे, पुढ्यात येईल ते आभार मानून खा, असं त्यात होतं. पत्र प्रेमाने लिहिलेलं होतं. फक्त ते लिहिणाऱ्याच्या घराला शेजारचं ताट कधी येत नसावं.

एक शब्द

मराठीच्या तासाला आम्ही नव्या करारातला उतारा वाचायचो. मॅकशेनच्या तक्त्यामुळे सिस्टरांनी करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र वर्षातून दोनदा वाचलेलं होतं. येशूचा प्रेषित पौल याने ते इफिस शहरातून, साधारण इ. स. 55 च्या सुमारास, करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं. करिंथ हे दोन बंदरांचं शहर, व्यापारी, खलाशी आणि नाना देवळं असलेलं. आठव्या आणि दहाव्या अध्यायांत तो मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल बोलतो. इंग्रजीत हे वाचताना सिस्टरांच्या डोळ्यांपुढे नेहमी खाटकाचं दुकान यायचं: देवळातलं मांस बाजारात आलंय, घ्यावं की घेऊ नये. त्यांच्या गावी असं दुकान नाही, त्यामुळे तो अध्याय त्यांच्यासाठी जुन्या काळात संपलेला होता.

त्या दिवशी त्या मराठीत मोठ्याने वाचत होत्या आणि पहिल्याच ओळीत 'नैवेद्य' शब्द आला. त्या थांबल्या.

"बाई, हा शब्द इथे आहे?"

"आहेच. पहिल्यापासून आहे."

"नैवेद्य म्हणजे नेमकं काय? काकूंच्या घरी काय करतात, ते सांगा."

मी सांगितलं. लहानपणी शेजारच्या ओटीवर बसून मी ते पाहिलेलं होतं. स्वयंपाक सोवळ्यात होतो. मीठ बरोबर आहे का ते चाखूनसुद्धा बघत नाहीत, कारण देवाच्या आधी जीभ लागली की ते उष्टं झालं. केळीच्या पानावर सगळं वाढतात, पानाखाली पाण्याचं मंडल करतात, दूर्वेने पाणी शिंपडतात, डोळे मिटून देवाला घास देतात. मग पानावरचं थोडं थोडं पुन्हा भांड्यांत मिसळतात, म्हणजे सगळा स्वयंपाकच प्रसाद होतो. त्यानंतर माणसांची पानं.

आमच्या मराठी ख्रिस्ती भाषेत असे शब्द किती जुने आहेत, हेही त्या तासाला निघालं. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज मिशनरी 1579 साली गोव्यात आला. त्याचं मराठी पुराण 1616 साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं आणि त्यात त्याने स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊनही अभंगात आणि ओवीतच देवाशी बोलले. सिस्टरांच्याच देशाचे लोक मराठी शिकायला या किनाऱ्यावर आले होते. डोनाल्ड मिचेल 1823 साली बाणकोटला आले आणि काही महिन्यांतच वारले. जॉन आणि मार्गारेट विल्सन 1829 साली मुंबईत उतरले आणि भाषेसाठी हर्णैला येऊन राहिले. आम्ही एकमेकांचे शब्द फार दिवसांपासून वापरतो आहोत. सिस्टर मात्र त्या दिवशी दुसऱ्याच जागी अडकल्या होत्या. मिठाचीसुद्धा चव न बघता केलेली वस्तू काकूंनी आपल्याकडे पाठवली होती, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं.

पुढे दहाव्या अध्यायात पौल म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा, चौकशी करू नका. पण कोणी सांगितलं की हे मूर्तीला दाखवलेलं आहे, तर खाऊ नका. आणि हे तुमच्या स्वतःच्या विवेकासाठी नव्हे, दुसऱ्याच्या विवेकासाठी. सिस्टरांनी ते वाक्य तीनदा वाचलं. त्या म्हणाल्या, "मी तर फक्त माझाच विवेक सांभाळला."

काकूंची तोड

नवरात्राच्या आधी एका दुपारी सिस्टर काकूंकडे गेल्या आणि सरळ बोलल्या. मी मुद्दाम बरोबर गेले नाही. त्यांनी सांगितलं ते असं: "काकू, तुमचे मोदक मला नकोत असं नाही. मी येशूच्या ताटातलं जेवते, म्हणून दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं घेत नाही. पण ते कसं करतात ते मला माहीत नव्हतं. मी मुलाच्या हातून परत पाठवायला नको होतं. स्वतः येऊन सांगायला हवं होतं."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग एवढंच ना गो बाय? पुढल्या वरसाला तुज्यासाठी नैवेद्याच्या आदी काढून ठेवीन."

सिस्टर आनंदाने माझ्याकडे आल्या. प्रश्न सुटला होता. मला त्यांचा आनंद मोडायचं जिवावर आलं, पण एकदा गाईचा सल्ला देऊन बसले होते, दुसऱ्यांदा गप्प राहवेना. मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या ते कळलं का तुम्हांला? त्या घरात देवाच्या आधी कोणाला वाढत नाहीत. तान्ह्या मुलालाही त्या दिवशी वेगळं दूध देतात. तुमच्यासाठी त्या तुम्हांला देवाच्या आधी वाढणार आहेत."

या प्रकरणात माझ्या मते खरं वळण इथे आहे. बहुतेक जण इथवर येऊन थांबतात. समोरच्याने सोय करून दिली, आपण आभार मानले, आपला विवेक स्वच्छ. पण त्या सोयीची किंमत काकूंच्या विवेकाने मोजायची होती, आणि ती त्या एक शब्दही न बोलता मोजायला निघाल्या होत्या. काकूंचा देव सिस्टर मानत नव्हत्या. तरीही काकूंनी आपल्या देवाशी खोटं वागावं असं त्यांना चालणार होतं का? पौलाचं 'दुसऱ्याचा विवेक' हे वाक्य मंडळीतल्या दुबळ्या भावापुरतंच ठेवायचं, असं कोणी म्हणेल. सिस्टरांना तसं वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, आधी काढू नका. तुमचा नेम माझ्यासाठी मोडू नका." काकूंनी विचारलं, "तुला कोनी सांगितलान?" मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "देवाला मी समजावनार होते."

शेवटी तोड काकूंनीच काढली: "सनाला नको. सन सरला की ये." सणाचा स्वयंपाक देवाचा, रोजचा माणसांचा. त्यांच्या घरी रोजच्या जेवणाला नैवेद्य दाखवत नाहीत. त्या आठवड्यातच सिस्टर त्यांच्याकडे बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून आल्या. वयस्क वडिलांनाही त्यात काही गैर वाटलं नाही.

पुढची चतुर्थी

पुढच्या वर्षी एक नवा प्रश्न आला. सणाच्या आदल्या दिवशी काकूंच्या घरी वीसेक नारळ खोवायचे असतात. सिस्टर मदतीला जाऊ का म्हणून विचारत होत्या. जे खायचं नाही ते करायला हात लावावा का? आमच्या मंडळीत यावर दोन मतं झाली, आणि आजही आहेत. सिस्टरांनी खोबऱ्याला हात लावला नाही. सासूबाईंची आंघोळ, पट्टी, औषध, जेवण हे सगळं त्यांनी दोन दिवस आपल्याकडे घेतलं, म्हणजे काकूंचे दोन्ही हात मोकळे झाले. आरतीच्या वेळी घर माजघरात लोटलं, तेव्हा सिस्टर पडवीत सासूबाईंच्या खाटेपाशी बसून राहिल्या. म्हातारीला उठता येत नव्हतं. ती पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होती आणि सिस्टर तिचा पाय उशीवर धरून होत्या. मी अंगणातून हे पाहिलं. त्या आरतीत नव्हत्या आणि घराबाहेरही नव्हत्या.

त्या रात्री सिस्टरांनी पहिल्यांदा मराठीत स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली. काय म्हणालात, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "म्हातारीच्या पायासाठी मागितलं. तो पाय मला इंग्रजीत येतच नाही."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी पुन्हा उकड काढली. नवा नारळ, नवा गूळ. तेच ताट आलं, या वेळी काकू स्वतः घेऊन आल्या. सिस्टरांनी चार मोदक खाल्ले. ताट परत करताना त्यात गावातल्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणलेली लोण्याची बिस्किटं ठेवली, त्यांच्या आईच्या हातची रीत. काकूंनी एक उचललं आणि तोंडाशी नेता नेता थांबल्या.

"तुज्या देवाफुडं ठेवलंस काय गो हे?"

सिस्टर म्हणाल्या, "पुढे ठेवलं नाही. पण करताना त्याचे आभार मानले."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग बिस्किट मोडून अर्धं सासूसाठी पदरात बांधलं आणि अर्धं खाल्लं.

सिस्टर आणखी सहा वर्षं त्या घरात राहिल्या. सणाचा प्रसाद त्यांनी कधी घेतला नाही आणि दुसऱ्या दिवशीचं ताट कधी चुकलं नाही. मंडळीतल्या त्या दोन कुटुंबांपैकी एक टिकलं. दुसरं मुंबईला गेलं, त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

माझ्या दारचं ताट

हे लिहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. त्याच चतुर्थीला माझ्या दारात नेहमीसारखं ताट आलं. मी ते घेतलं नाही. स्वतः शेजारणीकडे गेले. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन समोरासमोरच्या घरांत राहायला आलेल्या. तिला सांगितलं की एवढी वर्षं मी तुझे मोदक खाल्ले नाहीत, गोड झाले म्हणून सांगत आले ते खोटं होतं. बोलताना माझा गळा दाटून आला होता.

ती चुलीपाशी बसली होती. तिने मला पाट दिला.

"म्हाईत हाय गो," ती म्हणाली. "गाय आमचीच न्हाय काय? रातच्याला धार काढाया बसले का तिच्या तोंडाला गुळाचा वास येतो."

त्या वीस वर्षांत तिने एकदाही ताट चुकवलं नव्हतं.